डाव्या सुळ्यावरचा टॅग

काही वर्षांपूर्वी आमच्या दैनिकात एक बातमी चुकीच्या छायाचित्रासह छापून आली. पिशोरच्या शेतकरी घरातली मुलगी, डॉ. मनीषा जाधव, उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात वॉलरस या प्राण्याचा अभ्यास करते, अशी ती बातमी होती आणि ती मीच लिहिली होती. छायाचित्र पेंग्विनचे होते. पेंग्विन दक्षिणेकडे असतात. उत्तर ध्रुवाच्या आसपास एकही नाही. दुसऱ्या दिवशी नॉर्वेतून मनीषाचा फोन आला. ती चिडलेली नव्हती. वडिलांनी कात्रण फ्रेम करून बैठकीत लावले आहे आणि आता गावातली पोरे तिला पेंग्विनबाई म्हणतात, एवढीच तिची तक्रार होती. आम्ही त्याच पानावर दुरुस्ती छापली. वडिलांनी ती दुरुस्तीही फ्रेम केली, असे तिने नंतर कळवले.

त्या ओळखीतून हा प्रवास घडला. ती ज्या संस्थेत काम करते, त्या संस्थेने यंदा उन्हाळी मोहिमेबरोबर एका पत्रकाराला येण्याची मुभा दिली. तिने माझे नाव सुचवले. आमच्या शहराच्या छावणी भागातल्या माझ्या घरी पत्र आले तेव्हा मला वाटले, नावात काही गफलत झाली असावी. नव्हती.

मोहिमेचे काम थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. वॉलरस हा दोन म्हशींएवढ्या वजनाचा, मिशाळ, दोन लांब सुळ्यांचा सागरी प्राणी. तो समुद्राच्या तळाशी जाऊन शिंपले खातो आणि पोट भरले की किनाऱ्यावर किंवा बर्फावर येऊन कळपाने झोपतो. त्याच्या सुळ्यावर टॉर्चच्या सेलएवढा एक टॅग बसवतात. टॅग जागेची नोंद घेतो आणि अँटेना पाण्याबाहेर आली की ती नोंद वरून जाणाऱ्या उपग्रहाकडे पाठवतो. पाण्याखाली तो गप्प असतो, कारण बॅटरी वर्षभर पुरवायची असते. ध्रुवांवरून फिरणारे हे उपग्रह प्रत्येक फेरीत ध्रुवाजवळून जातात. त्यामुळे आपल्या आकाशात दिवसातून मोजक्या वेळा येणारा उपग्रह तिथे थोड्या थोड्या वेळाने डोक्यावर असतो.

यंदा मनीषाच्या मनात एकच किनारा होता. तिथे वॉलरस येतात हे सगळ्यांना माहीत होते; तिथून ते कुठे जातात, हे कोणालाच माहीत नव्हते. जहाजांनी कोणत्या किनाऱ्यांपासून आणि वाटांपासून दूर राहायचे, हे एक समिती हिवाळ्यात ठरवणार होती. ज्या किनाऱ्याची नोंद नाही, तो यादीत येणार नव्हता. तीन वर्षे अर्ज केल्यावर तिला तिथे एका प्राण्याला भूल देऊन टॅग लावण्याची परवानगी मिळाली होती. एकाच प्राण्याला, एकदाच.

लाँगयेअरब्येन

परत आल्यापासून प्रत्येक जण थंडीबद्दल विचारतो. लाँगयेअरब्येन हे नॉर्वेच्या उत्तरेकडच्या बेटांवरचे छोटे गाव; ऑगस्टमध्ये तिथे थंडी म्हैसमाळच्या डिसेंबरातल्या पहाटेसारखी असते, फक्त ती पहाट संपत नाही आणि वारा थांबत नाही. आमच्या मुक्कामात सूर्य एकदाही मावळला नाही. गावात एकही झाड नाही. डोंगर उघडे, तपकिरी, माथ्यावर सपाट. दौलताबादकडच्या डोंगरांवरचे गवत काढून घेतले तर साधारण तसे दिसेल.

हॉटेलच्या दारात बूट काढून ठेवायचे असतात. कोळशाच्या खाणींच्या काळात कामगारांच्या बुटांतून काळी धूळ घरात येई, तेव्हापासूनची ही पद्धत. आता धूळ उरलेली नाही, पद्धत आहे. संग्रहालयातही मोज्यांवर फिरायचे. माझ्या डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होते आणि ते मी जेवणाच्या दालनात पन्नासेक माणसांसमोर चालत गेल्यावर मला कळले.

मनीषा मला घ्यायला आली होती. तिशी ओलांडलेली, ठेंगणी, वाऱ्याने गाल रापलेले. बारावीपर्यंत ती आमच्या शहरात शिकली, पुढे गोव्याला आणि नंतर नॉर्वेला गेली. बोलणे मात्र पिशोरातून हललेले नाही. बूट काढताना माझ्याकडे पाहून ती म्हणाली, "घरच्यावानीच हाय ना, काका? फरक इतकाच, इथं देवळाबाहेरून चप्पल जात नाय."

बोलताना तिची नजर माझ्या मोज्यावर गेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खोलीबाहेर लोकरी मोज्यांचे दोन जोड ठेवलेले होते.

मोहिमेत आणखी दोघे होते. ओले हा बोट चालवणारा आणि आमचा राखणदार. गावाची वेस ओलांडली की ध्रुवीय अस्वलामुळे बंदूक सोबत असावीच लागते, आणि ती त्याच्याकडे असे. इंग्रिड ही प्राण्यांची डॉक्टर. उंच, कमी बोलणारी. भूल देण्याचे काम तिचे. माझे काम पाहण्याचे आणि अडचण न करण्याचे, असे मनीषाने पहिल्याच दिवशी मराठीत आणि ओलेने इंग्रजीत सांगितले.

झोपडी

बोटीच्या आठ तासांपैकी सहा तास मला उलट्या होत होत्या. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

आम्ही उतरलो ते फ्योर्डच्या तोंडाशी. फ्योर्ड म्हणजे डोंगरांच्या मधून आत शिरलेला समुद्राचा अरुंद फाटा. तिथे एक लाकडी खोली होती; चार फळ्यांचे बिछाने, एक लोखंडी शेगडी, एक खिडकी. खिडकीखाली बाहेरून, अस्वल चढू नये म्हणून, खिळ्यांची फळी. झाड नसलेल्या त्या मुलखात किनाऱ्यावर मात्र ओंडक्यांची रास होती. सायबेरियातल्या नद्यांनी समुद्रात सोडलेली झाडे वर्षानुवर्षे बर्फाबरोबर वाहत इथे येऊन लागतात. शेगडीत तेच जळत असे.

पाणी बर्फाच्या ओढ्यातून आणायचे. पाच मिनिटांच्या वाटेवर दोन बादल्या, आणि मागे बंदूक घेऊन ओले. आमच्या शहरात नळाला पाणी कोणत्या दिवशी येईल हे विचारून लोक प्रवासाचे बेत ठरवतात, हे मी त्याला सांगितले. त्याने बराच वेळ विचार केला आणि विचारले, मग त्या दिवशी घरी कोण थांबते. इतका नेमका प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता.

जेवण म्हणजे पाव, वाळवलेला मासा आणि तिथले तपकिरी, गोडसर चीज. त्याची चव खरवडलेल्या खव्याजवळ जाते. तिसऱ्या दिवशी मनीषाने पिशवीतून ज्वारीचे पीठ काढले. शेगडीच्या लोखंडी झाकणावर तिने भाकऱ्या केल्या. पहिली चिरली, दुसरी करपली, तिसरी फुगली. आईने दिलेला लाल मिरचीचा ठेचा ओलेने चिजाबरोबर खाल्ला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आले, तरी त्याने पुन्हा घेतला. मनीषाने त्याला "लई" हा एकच शब्द शिकवला होता आणि तोच तो सगळ्यासाठी वापरत असे. वारा लई, मासा लई, आता हेही लई.

इंग्रिडने अर्धी भाकरी कागदात गुंडाळून खिशात ठेवली. उद्या काम लांबेल, ती म्हणाली, आणि ही पावापेक्षा जास्त वेळ पोटात राहील. पिशोरच्या शेतावर न्याहारी बांधून नेणाऱ्या कोणीही हेच सांगितले असते.

जेवणानंतर मनीषाने तपासणीची यादी वाचून दाखवली. टॅग चुंबकावर चालतो. चुंबक एकदा जवळ येऊन दूर गेला की टॅग जागा होतो आणि त्यावरचा बारीक हिरवा दिवा काही वेळ लुकलुकतो. पुन्हा चुंबक जवळ आला की टॅग झोपी जातो. म्हणून टॅगजवळ चुंबक असलेली कोणतीही वस्तू नको. ओलेने होकायंत्र बाजूला ठेवले. इंग्रिडने कानावर घालायचे हेडफोन काढून दिले. मी माझा पत्रकाराचा बिल्ला काढला. त्याच्या मागे पिनेऐवजी चुंबकाची पट्टी असते. सगळे एका डब्यात गेले. माझ्या वहीत त्या डब्यातल्या वस्तूंची यादी आहे. यादी अपुरी होती.

किनारा

दोन दिवस धुके होते. तिसऱ्या दिवशी ते उठले आणि आम्ही बोटीने पलीकडच्या वाळूच्या दांड्यावर, म्हणजे समुद्रात शिरलेल्या चिंचोळ्या पट्ट्यावर गेलो. मनीषाच्या मनातला किनारा तोच. वॉलरस दिसण्याआधी वास आला: कित्येक दिवस न काढलेल्या शेणाचा गोठा आणि त्यात मासळी बाजार. मग आवाज; घोरणे, कण्हणे, मधूनच घंटेसारखा एखादा नाद. चौदा नर एकमेकांवर पाय टाकून पडले होते. एकाचा सुळा दुसऱ्याच्या पाठीवर. एकाने कूस बदलली की सगळा ढीग कुरकुरत असे आणि पुन्हा झोपत असे. लग्नघरी पाहुणे दुपारी जसे पडलेले असतात, त्याहून हे वेगळे नव्हते.

मनीषाने कडेचा एक नर निवडला. इंग्रिडने बंदुकीतून भुलीची सुई मारली. त्याने मान वर केली, आमच्या दिशेने पाहिले आणि मान खाली ठेवली. बाकीचे हळूहळू सरकत पाण्यात गेले. इंग्रिडने त्याच्या नाकपुडीशी हात धरला, श्वास मोजले आणि मान हलवली. तिथून पुढचे प्रत्येक मिनिट मोजलेले होते.

सुळा आणि टॅग फार थंड असतील तर गोंद धरत नाही. सुळा गरम पाण्याच्या पिशवीने शेकायचा होता. टॅग कोणाच्या तरी अंगाशी हवा होता. इतर तिघांचे हात गुंतलेले होते. मनीषाने टॅग जागा केला, हिरवा दिवा लुकलुकला, तिने तो मला दाखवला आणि माझ्या हातात दिला. "काका, पोटाशी धरा. पोर सांभाळल्यासारखं." मी तो कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. पुढची दहा मिनिटे मी त्या खिशावर हात दाबून उभा होतो. एवढ्या मोठ्या कामात आपल्याला काहीतरी सोपवले गेले, याचा मला आनंद झाला होता. तो लपवण्याचे कारण नाही.

मग तिने टॅग घेतला, डाव्या सुळ्यावर गोंदाने बसवला, वर पोलादाच्या दोन पट्ट्या आवळल्या. यादीत टॅग जागा केल्याची ओळ होती. तो बसवल्यावर पुन्हा पाहण्याची ओळ नव्हती. इंग्रिडने उतारा टोचला. थोड्या वेळाने नराने डोळे उघडले, सुळे वाळूत रोवून स्वतःला पुढे ओढले आणि तो पाण्यात गेला. मनीषा गुडघ्यांवर बसूनच होती. तिने दोन्ही हात वाळूला लावून कपाळाला लावले. मी ते लिहून घेतले.

गप्प दिवस

संस्थेतला सहकारी रोज दुपारी सॅटेलाइट फोनवर एक ओळ पाठवत असे. पहिल्या दुपारी ओळ आली: संपर्क नाही. मनीषा म्हणाली, तो पाण्यात असेल. दुसऱ्या दिवशी आम्ही दुर्बिणीतून त्याला त्याच दांड्यावर झोपलेला पाहिले. अँटेना हवेत होती, आकाश मोकळे होते. ओळ आली: संपर्क नाही. तिसऱ्या दिवशीही तीच.

मनीषा कारण शोधायला लागली. तिने उरलेला गोंद एका ओंडक्यावर लावून पाहिला, तो ठोकला, सोलला. पट्ट्या जास्त आवळल्याने अँटेनेची तार आत तुटली असावी, असे तिचे मत बनत गेले. तिने अहवालाचा मसुदा लिहिला. कारण या रकान्यात तिने लिहिले होते: बसवणीतील दोष, जबाबदारी माझी. ती वही टेबलावर उघडी होती आणि तिने ती झाकली नाही. त्या किनाऱ्यासाठी पुन्हा परवानगी मिळणार नाही, हे तिने मला शांतपणे सांगितले. समितीच्या नकाशात तो भाग कोराच राहील.

मी माझी टिपणे लावत बसलो. वार्ताहराच्या जुन्या सवयीने मी सुटे कागद टाचणीने टोचतो. एक टाचणी टेबलावर सापडेना. ती माझ्या मोबाइलच्या कव्हरला उभी चिकटलेली होती.

ते कव्हर मी आमच्या शहरात पैठण गेटच्या बाजारात घेतले होते. पुस्तकासारखे उघडणारे, आणि मिटले की आपोआप चिकटून बसणारे. ते ज्याने चिकटते त्याला चुंबक म्हणतात, हे माझ्या ध्यानात कधी आले नव्हते. रोज शेकडो वेळा उघडझाप करायची वस्तू यादी लिहिताना वस्तू म्हणून आठवत नाही. त्या दिवशी टॅग ठेवला तेव्हा तो मोबाइल त्याच खिशात होता.

टाचणी काढून मी ती पुन्हा लावून पाहिली. मग मनीषाला सांगितले. बातमी सांगतात तसे सांगितले: केव्हा, कुठे, कोणत्या खिशात, कशाला लागून. माफी नंतर मागितली.

ती उठून बाहेर गेली. त्या मुलखात एकट्याने रागावण्याचीही सोय नाही. ओलेला बंदूक घेऊन मागे जावे लागले. खिडकीतून ती ओंडक्यावर बसलेली दिसत होती आणि दहा पावलांवर पाठ करून उभा असलेला तो. इंग्रिडने माझ्यासमोर कॉफी ठेवली आणि ती टेबलाशी बसून राहिली. 

मनीषा आत आली तेव्हा तिच्या हातात वही होती. तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली. मोबाइल खिशातून मध्येच काढला होता का? नाही. टॅग बाहेर काढून पुन्हा आत ठेवला होता का? नाही. म्हणजे चुंबक एकदाच लागला. तिने ते लिहून त्याखाली रेघ मारली.

"म्हंजी मेला नाय तो, काका," ती म्हणाली. "झोपलाय."

वही मिटत ती पुढे म्हणाली, "मी तीन दिवस गोंदाला शिव्या देऊन राहिलेय. पुढल्या साली टॅग लावणाऱ्या सगळ्या टोळ्यांचा गोंद बदलायला लावला असता मी. बरं झालं सांगितलं."

मी तिच्याकडून बरेच काही ऐकण्याची तयारी केली होती. याची केली नव्हती.

दांड्यावर, दुसऱ्यांदा

प्रश्न सोपा होता. झोपलेल्या टॅगजवळून चुंबक एकदा न्यायचा. टॅग वॉलरसच्या सुळ्यावर होता आणि पुन्हा भूल देता येणार नव्हती. ओलेने ताबडतोब नकार दिला. प्राण्यांच्या इतक्या जवळ जायचे नाही हा नियम त्यानेच मला पहिल्या दिवशी पाठ करायला लावला होता. तेव्हा इंग्रिडने आपली कागदपत्रे काढली. भूल दिलेल्या प्राण्याची नंतर जवळून तपासणी करणे हे तिच्या परवान्यातले काम होते, आणि ते अजून बाकी होते. तिने ती ओळ ओलेला दाखवली. त्याने ती दोनदा वाचली, बाहेर जाऊन आपली मासे धरायची काठी आणली आणि तिच्या टोकाला चुंबक चिकटपट्टीने गुंडाळू लागला.

नर मात्र चरायला गेला होता. आमच्या हातात दोन दिवस होते. पहिला गेला. दुसऱ्या दिवशी, निघायच्या काही तास आधी, ओलेने दुर्बीण मनीषाच्या हातात दिली. डाव्या सुळ्यावर पोलादी चकाकी होती.

कसे जायचे यावर थोडा वाद झाला. ओलेचे म्हणणे, वाऱ्याच्या खालून, म्हणजे आपला वास जाणार नाही अशा बाजूने, पोटावर सरपटत, आवाज न करता. वाऱ्याचे मनीषाला मान्य होते. आवाजाचे नव्हते. तिने आधी इंग्रजीत समजावले आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "म्हशीकडं चोरावानी गेलं की ती बिचकते, काका. आपण हाय हे तिला कळू द्यायचं, अन् मग बाजूनं जायचं." इंग्रिड म्हणाली, यांची नजर अधू असते, कान चांगले. अचानक काही कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

मी बोटीजवळ दुर्बीण घेऊन थांबलो. ओले उजवीकडे, हातात नुसता मोठा आवाज करून प्राण्याला पळवणारे पिस्तूल. इंग्रिड मागे. मनीषा गुडघ्यांवर, काठी पुढे धरून, म्हशीची धार काढताना तोंडाने करतात तसा बारीक हुंकार देत निघाली. त्या हुंकाराचा उपयोग झाला की नाही, हे मला सांगता येणार नाही. इंग्रिडलाही सांगता आले नाही. एकदा नराने डोळा उघडला. मनीषा थांबली, हुंकार थांबला नाही. डोळा मिटला.

काठीचे टोक डाव्या सुळ्याला लागले आणि मागे आले. त्याच क्षणी नराने डोके झटकन वळवले, काठीला सुळा लागला, ती मनीषाच्या हातातून उडाली आणि ढीगभर वॉलरस जागे होऊन फुत्कारू लागले. मनीषा मागे सरकत सरकत ओलेपर्यंत पोहोचली. नर पाण्यात गेले नाहीत. काही वेळाने पुन्हा डोकी टेकून पडले.

आता अडचण खरी होती. उन्हात हिरवा दिवा दिसला नव्हता. चुंबक एकदा लागला असेल तर टॅग जागा. झटापटीत दुसऱ्यांदा लागला असेल तर पुन्हा झोपलेला. काठी वाळूवर पडली होती आणि आणखी एकदा जायला वेळ होता. पण जागा असलेल्या टॅगला पुन्हा चुंबक लावला तर आपणच तो झोपवणार. ओलेला वाटत होते, एकदा. इंग्रिडला वाटत होते, दोनदा. मनीषाला स्वतःला काही आठवत नव्हते. तिची नजर तेव्हा फक्त नराच्या डोळ्यावर होती.

ती माझ्याकडे आली. तिच्या गुडघ्यांना वाळू होती.

"तुमच्याकडं दुर्बीण होती. काय पाह्यलं तेवढंच सांगा. मला बरं वाटावं म्हणून नगा सांगू."

मी जे पाहिले ते सांगितले. टोक डाव्या सुळ्याला लागले, दूर झाले. डोके डावीकडून उजवीकडे वळले. काठीला लागला तो उजवा सुळा, आणि काठीच्या मधोमध. टोक तेव्हा जमिनीकडे होते. डाव्या सुळ्याजवळ ते पुन्हा गेले नाही.

"नक्की?"

"नक्की. खात्री नसती तर तेही सांगितले असते."

तिने गुडघ्यांवरची वाळू झटकली. चार दिवसांपूर्वी माझ्या खिशाने तिचे काम झोपवले होते. मग ती ओलेकडे वळली आणि म्हणाली, पुन्हा जायचे नाही. काठी तेवढी नंतर आणू. सामान बोटीत भरा.

परत

फ्योर्डचे तोंड मागे पडले तेव्हा मला पुन्हा मळमळू लागले होते. मनीषा इंजिनाच्या पेटीवर बसली होती, फोन मांडीवर. दुपारची वेळ टळून गेली. ओळ आली नाही. ओलेने तिला कॉफी दिली, ती तिने हातात धरून गार केली.

फोन वाजला तेव्हा तिने संदेश वाचला, पुन्हा वाचला आणि फोन माझ्याकडे दिला. मी चष्मा पुसून वाचले. एक जागा मिळाली होती. अक्षांश, रेखांश आणि वेळ. वेळ एक तासापूर्वीची, जागा तो दांडा. ओले मागून काय म्हणून विचारत होता.  मनीषाने सुकाणूजवळ जाऊन त्याच्या पाठीवर थाप मारली. "लई," तो म्हणाला. इंग्रिडने खिशातून कागदात बांधलेली अर्धी भाकरी काढली. ती कडक झाली होती. तिने तिचे चार तुकडे केले. मळमळत असतानाही मी माझा खाल्ला.

मनीषाच्या अहवालात चार दिवसांच्या शांततेचे कारण आता असे आहे: टॅग निरीक्षकाच्या खिशातील मोबाइल कव्हरच्या चुंबकामुळे बंद झाला, निरीक्षकाने हे स्वतःहून कळवले. त्यात माझे नाव घालू का, असे तिने फोन करून विचारले. मी घाल म्हणालो; 'निरीक्षक' या शब्दापुढे ते कंसात आहे. सगळ्या टोळ्यांच्या यादीत दोन ओळी वाढल्या आहेत. एक मोबाइल कव्हरची, दुसरी टॅग बसवल्यावर दिवा पुन्हा पाहण्याची.

हिवाळा लागताच नर निघाला. किनाऱ्यावरून तो ईशान्येला बर्फाच्या कडेकडेने गेला. वाटेत समुद्राच्या एका उथळ भागावर तो बरेच दिवस थांबला, आणि जहाजांची नेहमीची वाट नेमकी त्यावरून जात होती. समितीने यादी केली तेव्हा तो किनारा आणि तो उथळ भाग, दोन्ही तिच्यात आले. मनीषाने मला नकाशा पाठवला. छावणीतल्या घरी दुपारी मी तो मोठा करून पाहिला. पूर्वी कोऱ्या असलेल्या जागेतून ठिपक्यांची एक वाकडी रेघ निघाली होती.

प्रवासाने मला पुष्कळ दिले: लोकरी मोजे, कडक भाकरीचा तुकडा, न मावळणारा सूर्य, शेजारी बसून राहिलेली एक अबोल बाई. या सगळ्यांचा मी ऋणी आहे. पण सर्वांत जास्त त्या प्रश्नाचा, जो मनीषाने वाळूने भरलेल्या गुडघ्यांनी समोर उभे राहून मला विचारला. तीस वर्षे मी पाहिलेले लिहीत आलो. लोक ते वाचतात, कधी मानतात, कधी नाही. माझ्या हातून एवढे नुकसान झाल्यावर, मी काय पाहिले एवढ्यावर विसंबून कोणी आपले तीन वर्षांचे काम पणाला लावले, असे त्याआधी कधी झाले नव्हते.

टॅग अजून चालू आहे. आज सकाळचा ठिपका बर्फावर आहे.